पहिली मोठी अ‍ॅजिलिटी ट्रायल, २० महिन्यांची शेल्टी: टीटर, उंची आणि त्या दिवसाचं गणित

चिंगीची_आई (न्यू जर्सी)

नमस्कार. चिंगी शेल्टी (शेटलंड शीपडॉग) आहे, मादी, वय २० महिने, वजन ९ किलो. पाच आठवड्यांनी अमेरिकन केनेल क्लबच्या (एकेसी) नियमांची तीन दिवसांची अ‍ॅजिलिटी ट्रायल (कुत्र्यांची अडथळ्यांची स्पर्धा) आहे. इनडोअर हॉल, कृत्रिम गवत, दोन रिंगा अगदी शेजारी शेजारी. शनिवार-रविवार नोव्हिस (नवख्यांची पातळी) स्टँडर्ड (सगळे अडथळे) आणि नोव्हिस जंपर्स अशा चार रन (फेऱ्या) भरल्या आहेत. एंट्री बंद व्हायला अजून अडीच आठवडे आहेत.

सध्याची स्थिती: ६ वीव्ह्ज (खांबांमधून नागमोडी पळणं) दोन्ही बाजूंनी, दहात आठ वेळा बरोबर. ए-फ्रेम (उलट्या व्हीसारखी चढण-उतरण) आणि डॉगवॉकवर (उंचावरची अरुंद फळी) खाली येऊन थांबते, पुढचे दोन पाय जमिनीवर, मागचे दोन फळीवर. स्टार्टला बसून राहते. टीटर (सी-सॉसारखी हलणारी फळी) आमच्या क्लासमधली करते, पण दुसऱ्या हॉलमधल्या टीटरची फळी जोरात आपटल्यापासून टीटर बंद, आणि डॉगवॉकवर चढतानाही का-कू.

प्रश्न असे:
१. टीटर पाच आठवड्यांत सुधारेल का, आणि कसं करायचं?
२. त्या दिवशी कधी पोचायचं, कधी खायला घालायचं, वॉर्म-अप किती?
३. रिंगमध्ये चुकली तर काय करायचं?
४. घरी मोजली तर कधी १४ इंच भरते, कधी सव्वा चौदा. उडी १२ की १६?

---

बारा_खांब (डॅलस)

ताई, आधी एंट्रीचं बघा, कारण त्यालाच तारीख आहे. एंट्री बंद होईपर्यंत नाव मागे घेतलं तर पैसे मिळतात, नंतर सहसा नाही. प्रीमियममध्ये (ट्रायलच्या माहितीपत्रकात) वाक्य शोधा. मादी माजावर आली तर एकेसीत धावताच येत नाही. अशा वेळी काही क्लब पैसे परत करतात, काही अर्धे, काही व्हेटची चिठ्ठी मागतात, तेही तिथेच लिहिलेलं असतं. २० महिन्यांची मादी आहे, मागच्या माजाची तारीख काढून हिशेब करा.

आता टीटर. तिला नेमकी भीती कशाची, हे आधी वेगळं काढायला हवं. पायाखालची फळी हलते ती, खाली जाताना आधार सुटल्यासारखं वाटतं ते, की शेवटचा धाडकन आवाज? शेल्टी असेल तर मी पैज आवाजावर लावीन. तिन्ही एकदम शिकवायला गेलात तर एकही सुटणार नाही.

पहिला आठवडा फक्त आवाज. टीटरवर चढायचंच नाही. कोणीतरी ३० फुटांवर फळी हाताने आपटायची, तुम्ही इकडे वाटाण्याएवढे चिकनचे तुकडे द्यायचे. खाणं थांबलं किंवा तुकडा तोंडातून पडला, की अंतर कमी आहे, मागे या. याच आठवड्यात दुसरा खेळ: फळीचं टोक जमिनीपासून ३-४ इंचांवर हाताने धरा आणि तिला पुढच्या दोन पायांनी खाली दाबू द्या. आवाज आपल्या पायाने झाला की त्याची भीती निम्मी होते.

दुसरा आठवडा: उतरायच्या टोकाखाली पॉझ टेबल (रनमध्ये कुत्रं थांबतं ते बुटकं टेबल) लावा, म्हणजे फळी जमिनीपर्यंत पडणार नाही. ती पळत टोकाला आली, चारही पाय पिवळ्या भागात, तिथेच ३-४ तुकडे, मग तुम्ही फळी हाताने अलगद टेबलावर टेकवायची. तिसऱ्या आठवड्यात १६ इंची टेबलाच्या जागी ८ इंची, आणि जमलं तर शेवटी टेबल काढून खाली योगा मॅटच्या दोन घड्या. चौथ्या आठवड्यात निदान दोन परक्या टीटर. एका वेळी ५-६ पेक्षा जास्त नाही, आठवड्यातून तीनदा. वीस वेळा करून घेतलं की सतराव्या वेळी काहीतरी बिनसतं आणि तेवढंच तिच्या लक्षात राहतं.

परकी टीटर वेगळी का वागते? नियम असा: फळी १२ फूट लांब, मधला टेकू २४ इंचांवर, आणि टोकापासून १२ इंचांवर ३ पौंडाचं वजन ठेवलं की ३ सेकंदांच्या आत टोक जमिनीला लागलं पाहिजे. या नियमात बसणाऱ्या दोन फळ्या, एक सव्वा सेकंदात पडणारी आणि एक पावणेतीन सेकंदांत पडणारी, कुत्र्याच्या दृष्टीने दोन वेगळी जनावरं आहेत. त्यात लाकडी फळीचा आवाज ‘धप्प’, अ‍ॅल्युमिनियमचा ‘खण्ण’. क्लासमध्ये ३ पौंडाचं डंबेल घेऊन जा आणि तुमची टीटर किती सेकंदांची आहे ते मोबाइलवर मोजा. मग कोणती शोधायची ते कळेल.

हलक्या कुत्र्याची नेहमीची चूक म्हणजे टेकू ओलांडला, फळी हलली, की तिथेच थबकणं. मग सगळी पडझड अंगाच्या मधोमध जाणवते आणि मागचे पाय घसरतात. टोकापर्यंत पळत जाऊन मागचे पाय वाकवून बसकण मारली तर वजन टोकाला, फळी पटकन खाली आणि तोल सुटत नाही. म्हणून खाऊ कधीही मधे देऊ नका, टोकालाच. आणि फळी जमिनीला लागायच्या आत उडी मारली तर तो फ्लाय-ऑफ, म्हणजे रन तिथेच एनक्यू (नापास). पण गुणांपेक्षा खांद्याची काळजी मोठी.

डॉगवॉकची का-कू तर शहाणपणाची आहे. चढताना दोन्ही फळ्या तिला सारख्याच दिसतात: फूटभर रुंद, वर जाणारी, खाली ४२ इंचांचा रंगवलेला पट्टा. चौदा इंचांवरून बघणाऱ्याला पलीकडचं टोक हवेत आहे की पुढे आणखी फळी आहे, ते दिसत नाही. दोघींना वेगळे शब्द द्या आणि शब्द चढायच्या आधी, निदान १० फुटांवरून म्हणा. मी मराठीच सुचवीन: टीटरला ‘झोका’, डॉगवॉकला ‘पूल’. शेजारच्या रिंगमध्ये दिवसभर ‘टनेल’, ‘टीटर’, ‘वॉक’ असा गजर चालू असतो. ‘झोका’ दुसरं कोणी ओरडत नाही.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी परक्या टीटरच्या टोकाला उभी राहून ती खात नसेल, तर स्टँडर्ड करू नका. तोवर एंट्री बंद झालेली असेल, पैसे जातील, जाऊ द्यात. जंपर्समध्ये टीटर, ए-फ्रेम, डॉगवॉक, टेबल यातलं काहीच नसतं: उड्या, टनेल, ६ वीव्ह्ज. पहिल्या ट्रायलला दोन दिवसांचे दोन जंपर्स हा पूर्ण कार्यक्रम आहे.

---

रिंगबाहेर (एडिसन, न्यू जर्सी)

टीटरचं वर आलंच आहे. दुसऱ्या प्रश्नाला हात घालतो. माझ्या मते नवी कुत्री कोर्सवर क्वचित बिघडतात. बिघाड होतो तो क्रेटपासून स्टार्टलाइनपर्यंतच्या शेवटच्या दहा मिनिटांत, आणि खापर फुटतं वीव्ह्जवर.

शुक्रवारी तुमची रन नाही ना? संध्याकाळी तरीही जा. क्रेट (तिचा पिंजरा) लावा. वायरचा क्रेट असेल तर तीन बाजूंनी सोलापुरी चादर टाका, जाड असते आणि प्रकाश व हालचाल दोन्ही अडवते. जागा भिंतीकडची, दारापासून आणि स्पीकरपासून लांब. मग तिला हॉलभर हिंडवा, रिंगच्या बाहेरून, २० मिनिटं. गवतावर ती नाक लावून हुंगत राहील. हुंगू द्या. आज पोटभर हुंगली तर उद्या रिंगमध्ये कमी हुंगेल. कृत्रिम गवतात आधीच्या शेकडो कुत्र्यांचे वास आणि खाऊचे कण अडकलेले असतात, तिचा काही दोष नाही.

शनिवारी: जेवण रनच्या किमान ४ तास आधी, नेहमीच्या निम्मं. रन सकाळी असेल तर आधी फक्त मूठभर, बाकीचं संध्याकाळी. ब्रीफिंगच्या (जजच्या सूचनांच्या) दीड तास आधी पोचा. त्यात मोजमाप, गेटवरच्या फळ्यावर नावापुढे खूण, कोर्स मॅप, शी-शू हे सगळं बसतं.

उंचीचा क्रम वेळापत्रकात बघा, कधी लहानाकडून मोठ्याकडे, कधी उलट. वॉक-थ्रू साधारण ८ मिनिटं, कुत्र्याशिवाय. पहिली फेरी फक्त आकडे शोधत. दुसरी तिच्या पायांच्या वाटेवरून, म्हणजे उडीच्या मागून नाही तर उडीसमोर उभं राहून: इथून तिला पुढे काय दिसतं? बहुतेक वेळा चुकीचं टनेलच दिसतं. तिसरी फेरी आपल्या वाटेने, खऱ्या वेगात, हात आणि शब्द सकट. लाज वाटून हळू चाललात तर रनमध्ये तुम्ही प्रत्येक वळणाला अर्धा सेकंद उशिरा पोचणार.

नोव्हिसमध्ये आत-बाहेर धरून एका कुत्र्याला एक मिनिटाहून जरा जास्त लागतं. म्हणजे तुमच्या आधी १५ कुत्री असतील तर साधारण १६-१८ मिनिटं. त्यावरून मागे मोजा:

१५ कुत्री आधी: क्रेटमधून बाहेर, शू. ५ मिनिटं भरभर चाल, मग दुडकी चाल.
८ आधी: पुढचे पाय उचलून तुमच्या हातावर, दोन्हीकडे गोल फिरणं, चार पावलं मागे चालणं, खाली-उभी-खाली.
५ आधी: वॉर्म-अपची उडी, एक पायरी खालच्या उंचीवर दोनदा, खऱ्या उंचीवर दोनदा. चार पुरे. ही उडी सगळ्यांची असते, तिथे शिकवणी लावायची नाही.
३ आधी: गेटजवळ, पण दारात नाही. १५ फूट बाजूला, तोंड तुमच्याकडे, दर दोन-तीन सेकंदांनी एक तुकडा.
१ आधी: खाऊ आणि खेळणं खिशातून काढून बाहेर जाण्याच्या दाराजवळ, रिंगपासून लांब खुर्चीवर, झाकणाच्या डब्यात. खिसे दोनदा तपासा. रिंगमध्ये खाऊ पडला तर तुमची रन जाते आणि तुमच्यानंतरच्याची कुत्री तिथे थांबते.

आतल्या तीन गोष्टी क्लासमध्ये कोणी शिकवत नाही. पट्टा काढून टाकला की तो उचलून पलीकडे नेणारा माणूस तुमच्या मागून चालत जातो. आधीचं कुत्रं अजून आतच असतं, त्याला पट्टा लागत असतो. आणि जज कॉन्टॅक्टच्या (फळीचा पिवळा भाग, जिथे पाय लागावा लागतो) जवळ येऊन उभा राहतो, कधी हात वर करतो. या तिन्हींचा सराव क्लासमध्ये मैत्रिणींकडून करून घ्या. विशेषतः जज: टोपी घातलेला अनोळखी माणूस ए-फ्रेमपासून ८ फुटांवर, गप्प, तिच्याकडे टक लावून. पाच मिनिटांचं काम आहे.

टेबलावर जज मोठ्याने ५ सेकंद उलटे मोजतो आणि शेवटी ‘गो’ म्हणतो. बसायची किंवा आडवं व्हायची सक्ती नाही, वर राहिली की झालं. पण काही शेल्ट्या त्या मोजण्यावर भुंकत सुटतात आणि भुंकता भुंकता खाली येतात. घरी दुसऱ्याच्या आवाजात रेकॉर्ड करून वाजवा.

---

थेम्सकाठ (रेडिंग, इंग्लंड)

इकडचे नियम वेगळे (आमच्याकडे १८ महिन्यांच्या आत स्पर्धेत उतरवताच येत नाही, एकेसीत १५), पण तिसऱ्या प्रश्नावर बोलतो. एकेसीत एफईओ म्हणजे ‘फक्त प्रदर्शनासाठी’ अशी रन घेता येते ना? सुरुवात करण्यापूर्वी सांगायचं, आवाज न करणारं खेळणं आत नेता येतं, खाऊ नाही, गुण नाहीत. इकडेही खेळणं घेऊन सरावाची रन असते. पहिल्या शनिवारच्या दोन्ही रन मी अशाच घेईन. स्टार्टवर बसली, तीन उड्या, एक टनेल, खेळणं, बाहेर. २० सेकंद.

या खेळाचा जन्म १९७८ मध्ये क्रफ्ट्स या इंग्लंडमधल्या मोठ्या डॉग शोमध्ये मधली वेळ भरून काढण्यासाठी झाला, घोड्यांच्या उड्यांवरून उचलून. करमणूक म्हणून सुरू झालेल्या गोष्टीत २० महिन्यांच्या पोरीला क्यूसाठी (पास होण्यासाठी) राबवायचं कशाला.

आणि स्टार्टवरून आधीच सुटली तर? सरळ पट्टा लावून बाहेर. एकदाच. नाहीतर बसून राहणं क्लासपुरतं, रिंगमध्ये नाही, हे ती एका दिवसात शिकेल.

---

बारा_खांब (डॅलस)

एफईओला दुजोरा, पण तिचं खेळण्यावर खरंच प्रेम असेल तरच. पुष्कळ शेल्ट्या परक्या जागी खेळण्याकडे ढुंकून बघत नाहीत. मग तुम्ही दोरी हलवत आहात आणि ती जजकडे बघते आहे, यातून ती काय शिकणार? आता पाच आठवडे दर नव्या जागी पहिल्या मिनिटात ओढाओढी खेळते का ते बघा. नाही खेळली तर साधी रन घ्या आणि लवकर संपवा.

स्टार्टवरून सुटली तर बाहेर नेण्याशी मात्र असहमत. पहिल्या ट्रायलला ती सुटते ती बहुधा गोंधळून, शिरजोरपणे नाही. अशा कुत्र्याला रिंगमधून लगेच बाहेर काढलं की पुढच्या वेळी ती दारातच शेपूट पाडून हुंगायला लागते, आणि तो आजार सुटायला वर्ष जातं. तिसऱ्या ट्रायलला सुटली तर तुमचा उपाय बरोबर.

सुटू नये म्हणून पुढे जाऊन उभं राहण्याचं अंतर कमी ठेवा. क्लासमध्ये तीन उड्यांपलीकडे जात असाल तर इथे एकीच्या पलीकडे. पाठ वळवून तरातरा जाऊ नका, तिरपं चालत, एक डोळा मागे.

---

थेम्सकाठ (रेडिंग, इंग्लंड)

गोंधळून की शिरजोरपणे, हे कानांवरून कळतं. कान मागे, जीभ नाकावर फिरते आहे, तर गोंधळ. हे बघायची सवय असलेल्यांनी तुमचं ऐकावं. मी माझ्या मतावर ठाम, पण शेल्टीबाबत एक पाऊल मागे.

---

चिंगीची_आई (न्यू जर्सी)

सगळ्यांचे आभार. मागच्या माजाची तारीख काढली, पुढचा ट्रायलनंतर तीन आठवड्यांनी यायला हवा. आमच्या क्लासमधली टीटर अ‍ॅल्युमिनियमची निघाली, ती बिचकली त्या हॉलमधली लाकडी आहे, म्हणजे उलटंच. दोन शंका: एक, नोव्हिसमध्ये किती चुका चालतात? दुसरी, उंची राहिलीच.

---

रिंगबाहेर (एडिसन, न्यू जर्सी)

चुका: क्यूसाठी १०० पैकी ८५ लागतात. नोव्हिस स्टँडर्डमध्ये रिफ्यूजल (अडथळ्याला नकार) आणि चुकीचा अडथळा यांचे ५-५ गुण जातात, मर्यादेत असतील तर चालतात. जजची बंद मूठ वर गेली तर रिफ्यूजल, उघडा पंजा म्हणजे चुकीचा अडथळा. पण उडीची दांडी पडली किंवा कॉन्टॅक्टच्या पिवळ्यात पाय लागला नाही, तर क्यू गेला. हे कळल्यावर पुढचं सगळं मोकळेपणाने धावा. चिडून तोच कॉन्टॅक्ट पुन्हा पुन्हा करून घेऊ नका, नाहीतर रिंगमध्ये शिकवणी चालवली म्हणून जज शिट्टी वाजवेल.

चुकली तर: थांबून ‘अगंऽऽ’ म्हणणं हीच खरी चूक. शेल्टीला तो सूर कळतो. वीव्ह्ज सुटल्या तर एकदा परत आत घाला, दुसऱ्यांदा नाही जमलं तर पुढची उडी घेऊन चला. पळत सुटली (झूमीज) तर मागे धावू नका, गुडघ्यावर बसा आणि तोंड दुसरीकडे. बाहेर आल्यावर पट्टा, आणि थेट खुर्चीवरच्या डब्याकडे. वाटेत कोणाशी बोलायचं नाही. डब्यातलं सगळं तिचं, रन कशीही झालेली असो.

उंची: १४ इंच किंवा कमी असेल तर उडी १२, चौदाच्या वर आणि १८ पर्यंत १६. पाव इंचाने चार इंच बदलतात! शिवाय टेबलही बदलतं, १२ वाल्यांना ८ इंची, १६ वाल्यांना १६ इंची. म्हणून दोन्ही टेबलांवर सराव हवा. मोजमापाचा माणूस विकेट नावाची धातूची चौकट खांद्याच्या उंचवट्यावर ठेवतो. पाठीवर काहीतरी वरून येतंय म्हटल्यावर नवी कुत्री पाय ताणून उंच होतात, आणि त्यातच तो पाव इंच जातो. घरी रोज सपाट लादीवर उभी करा, डोकं नैसर्गिक पातळीत, आणि पट्टी खांद्यावर टेकवत खाऊ द्या. दहा दिवसांत ती सैल उभी राहते. नखं आदल्या आठवड्यात कापा, आदल्या दिवशी नाही, नखाच्या मुळाला लागलं तर लंगडेल. दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आधीचं माप कायमचं धरत नाहीत, त्यामुळे या वेळी १६ आलं तरी पुढे पुन्हा मोजतील.

तोवर सराव १६ वर ठेवा, पण आठवड्यातून दोनदाच, बाकी ८-१२ वर. शेवटची पूर्ण उंचीची शिकवणी मंगळवारी. गुरुवारी-शुक्रवारी नुसतं चालणं.

---

मुळशीची_वाट (पुणे)

अवांतर, पण विचारतो. इथे टीटर विकत मिळत नाही. सुताराकडून करून घ्यायची तर १२ फूट लांब प्लाय मिळत नाही, ८ फुटीच येतो. जोड द्यायचा का?

---

बारा_खांब (डॅलस)

टेकूवर जोड अजिबात नको, सगळा ताण तिथेच येतो. एकाच अखंड सागवानी किंवा पाइनच्या फळीवर करा, नाहीतर खाली पूर्ण लांबीचे दोन लाकडी वासे घालून वर प्लायचे तुकडे, आणि सांधा टेकूपासून दोन फूट तरी बाजूला. आवाजाच्या खेळासाठी तर १२ फूट लागतच नाही. ८ फुटी फळी, एक फूट रुंद, टेकू १० इंचांवर. वरून ऑइलपेंटचा हात, तो ओला असतानाच चाळलेली बारीक वाळू, वाळला की दुसरा हात. गुळगुळीत पेंटवर पावसाळी पाय घसरलाच म्हणून समजा. आणि तुमच्याकडे एप्रिलमध्ये दुपारी फळीवर आधी आपला तळहात पाच सेकंद ठेवून बघा. ठेववत नसेल तर सराव सकाळी सातच्या आत.